हॉस्टेलचं वायफाय अकराला बंद, सिनिअर पासवर्ड देतेय, घेऊ का?

पत्र: ताई, मी सेकंड इयर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, गाव कळवण तालुक्यात, नाशिकला त्र्यंबक रोडच्या बाजूला एका प्रायव्हेट मुलींच्या हॉस्टेलवर राहते. वायफायचे पैसे वर्षाच्या फीमध्येच घेतलेत. पण यूट्यूब बंद, टेलिग्राम बंद, गिट पुश केलं, म्हणजे कोड नेटवर चढवायला गेलं, की नुसतं अडकून बसतं आणि रात्री अकराला सगळं नेटच बंद. त्याच मालकाचं मुलांचं हॉस्टेल शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे, तिथे एक वाजेपर्यंत चालू असतं. रूममेटने फुकटचं व्हीपीएन टाकलंय, म्हणते तूपण टाक, कोणाला कळत नाही. एक सिनिअर म्हणतेय ऑफिसमधल्या मॅडमचं लॉगिन आहे, त्याला काहीच बंद नाही, ते देते. ॲडमिशनच्या फॉर्मवर "प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरल्यास दंड" असं लिहिलंय आणि माझी सही आहे. पुढच्या आठवड्यात मिनी प्रोजेक्टचं सबमिशन आहे. घरी सांगितलं तर बाबा म्हणतील बरंच आहे की रात्री नेट बंद असतं ते. काय करू?

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी ते लॉगिनचं बोलू. ते घेऊ नकोस. सिनिअर कितीही चांगली असू दे, "सगळेच वापरतात" असं म्हणू दे, तरी नको. फायरवॉल म्हणजे हॉस्टेलच्या नेटवर बसवलेला पहारेकरी, त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कोणी कधी काय उघडलं ते लॉगिनच्या नावाने लिहिलं जातं, म्हणजे तू रात्री जे करशील ते त्या ऑफिसच्या मॅडमच्या नावावर पडणार, आणि काही झालं तर उत्तरं त्या बाईंना द्यावी लागणार ज्यांना यातलं काही माहीतही नाही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. हॉस्टेलच्या वायफायसाठी कोणी लगेच सायबर पोलिसात जाईल असं मला वाटत नाही, पण वर्षभराने दुसऱ्याच कशावरून भांडण झालं की अशी जुनी प्रकरणं बाहेर काढली जातात, आणि तेव्हा तू थर्ड इयरला कॅम्पसच्या तयारीत असशील. दुसऱ्या मुलीच्या लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, स्वतःच्या लॅपटॉपला लावायची युक्तीपण कोणीतरी सांगेलच तुला. ती याच जातीची आहे, तिलाही नाही म्हण.

मी नेटवर्कच्याच कामात आहे, फायरवॉलच्या पलीकडच्या बाजूला बसते, त्यामुळे मालक लोक एवढे का घाबरतात ते जवळून बघितलंय. कनेक्शन त्यांच्या नावावर असतं, आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचा पत्ता, त्यांचा असतो, कोणी काही उद्योग केले तर पोलीस पहिले त्यांच्या दारात येतात. २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी जी धमकीची ईमेल गेली होती ती नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेलेली निघाली, आणि त्या घरात राहणाऱ्या माणसाची चौकशी झाली. तेव्हापासून लॉगिन, ओटीपी, लॉग हे सगळं कडक होत गेलं. म्हणून लॉगिन मागणं, प्रत्येकीचं वेगळं नाव ठेवणं यात मला काहीही चूक वाटत नाही. चूक वाटते ती वेगळ्या गोष्टीत, तिथे येतेच.

आता व्हीपीएन, म्हणजे आपलं सगळं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारं ॲप. महाराष्ट्रात नुसतं व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाहीये, हे आधी डोक्यात पक्कं कर म्हणजे उगाच भीती नको. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, जो नियम काढला तो कंपन्यांसाठी होता, की ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी वगैरे ५ वर्षं जपून ठेवा, आणि त्यावरून नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून टाकले. वापरणाऱ्यावर बंदी नाही आली. पण तुझा प्रश्न कायद्याचा नाहीये, तुझा प्रश्न त्या सहीचा आहे. तू लिहून दिलंयस की वापरणार नाही, आणि पकडली गेलीस तर दंड भरून शिवाय मान खाली घालून उभं राहावं लागेल, आणि मग अकराच्या नियमाबद्दल तू कितीही खरं बोललीस तरी रेक्टर मॅडम म्हणतील तू आधी तुझं बघ. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि "कोणाला कळत नाही" हे साफ चुकीचं आहे. व्हीपीएन लावलं की तू आत काय बघतेयस ते हॉस्टेलला दिसत नाही, बरोबर, कारण लॅपटॉपपासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंत सगळं एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊन जातं. पण तुझ्या लॉगिनवरून एकाच बाहेरच्या आयपीला तासन् तास डेटा जातोय येतोय आणि दुसरीकडे कुठेच काही नाही, हे तर दिसतंच ना. वर बाजारातल्या बहुतेक फायरवॉलमध्ये ओपनव्हीपीएन, वायरगार्ड असले प्रकार ओळखायची सोय असतेच, नावानिशी यादी निघते. रूममेट पकडली गेली नाही याचा अर्थ एवढाच की अजून कोणी ती यादी उघडून बघितली नाहीये.

फुकटच्या व्हीपीएनचं तर मला जास्त टेन्शन येतं. हॉस्टेलवाल्यापासून लपवलेलं सगळं तू उचलून त्या ॲपवाल्याच्या हातात देतेस, तो कोण, कुठला, काही माहिती नाही, आणि सर्व्हर चालवायचा खर्च तो कुठूनतरी काढणारच. होला नावाचं फुकटचं व्हीपीएन होतं, लाखो लोक वापरायचे, २०१५ ला उघड झालं की ते लोकांचंच नेट दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकत होते, म्हणजे कोणीतरी परका माणूस तुझ्या आयपीवरून फिरतोय आणि तुला पत्ताच नाही. फेसबुकचं ओनावो नावाचं ॲप होतं, तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो म्हणून सांगायचे आणि लोक फोनवर कोणती ॲप किती वेळ वापरतात ते गोळा करायचे, २०१८ ला ॲपलने आक्षेप घेतल्यावर ॲप स्टोअरवरून काढावं लागलं आणि २०२३ ला ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने त्यावरून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, मग प्ले स्टोअरवरच्या कुठल्यातरी नाव नसलेल्या ॲपचं काय सांगावं. रूममेटलापण हे वाचून दाखव, निदान त्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप असताना तरी ते चालू ठेवू नको म्हणावं.

याच्याच जोडीला एक गोष्ट तू विचारली नाहीयेस पण सांगते, कारण मुली हे न बघता करून टाकतात. काही ठिकाणी वायफाय लावताना "हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा" असं सांगतात. ते केलं की फायरवॉलला तुझं एचटीटीपीएस उघडून वाचता येतं, म्हणजे ब्राउझरमध्ये कुलूप दिसत असतं पण मधे दुसरा माणूस वाचतोय. तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे टाकू नकोस, त्यापेक्षा नेट नसलेलं परवडलं. आधीच टाकलं असशील तर सेटिंगमध्ये जाऊन काढ.

बरं, आता तुझ्या कामाचं, कारण तुझ्या निम्म्या अडचणींना व्हीपीएन लागतच नाहीये.

गिट पुश अडकतंय ते बहुतेक पोर्टमुळे, पोर्ट म्हणजे डेटा जायचं-यायचं नंबरचं दार. गिट एसएसएच नावाच्या पद्धतीने लावलं असशील तर ते पोर्ट २२ वरून जातं, आणि हॉस्टेलवाले सरसकट वेबसाइटची ८० आणि ४४३ सोडून बाकी सगळं बंद करून टाकतात, गिटहब, म्हणजे कोड ठेवायची साइट, त्यांनी मुद्दाम बंद केलंय असं नसतं. ब्राउझरमध्ये गिटहब उघडतंय ना बघ. उघडत असेल तर रिमोटची लिंक एसएसएचवरून बदलून एचटीटीपीएसची कर, पासवर्डच्या जागी पर्सनल ॲक्सेस टोकन लागेल, कारण ऑगस्ट २०२१ पासून गिटहब तिथे साधा पासवर्ड घेतच नाही. बऱ्याच जणी इथेच अडकतात, त्यांना वाटतं नेट बंद आहे. एसएसएचच हवं असेल तर गिटहबने स्वतःच ४४३ वर सोय दिलीय, होस्ट म्हणून एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम आणि पोर्ट ४४३ असं कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचं, त्यांच्या मदतीच्या पानावर दोन ओळी दिल्यात. यात लपवाछपवी नाही, उघडं असलेल्या साइटला उघडं असलेल्या पोर्टवरून जायचं, लॉगमध्येही गिटहब म्हणूनच दिसतं. तरी मनात शंका असेल तर नेटवर्कवाल्या दादांना एकदा विचारून घे, कोणी नाही म्हणणार नाही.

फोन सारखा "डिव्हाइस लिमिट संपली" म्हणतो का? लिहिलं नाहीयेस पण हे जिथेतिथे असतं. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनला आयओएस १४ पासून फोन वायफायला स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस न देता बनवलेला देतो, चांगल्या कारणासाठी, पण जिथे डिव्हाइस नोंदवून घेतात तिथे फोन रीसेट केला, किंवा आयफोनवर काही वेळा नेटवर्क विसरून परत जोडलं, की तोच फोन नवीन म्हणून धरला जातो. फक्त हॉस्टेलच्या नेटवर्कसाठी तेवढं सेटिंग बंद कर आणि दादांना जुन्या नोंदी काढून टाकायला सांग. आणि लॉगिनचं पानच उघडत नसेल तर फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसला कोणाचं नाव टाकून ठेवलंय का बघ, लॉगिन व्हायच्या आधी फोन तिकडे पोचू शकत नाही म्हणून तिथेच फिरत बसतो, ते ऑटोमॅटिकवर ठेवलं की पान येतं.

यूट्यूबचं थोडं वेगळं आहे, तिथे मला दोन्ही बाजू पटतात. समजा १०० एमबीपीएसची लाइन आहे आणि हॉस्टेलवर ९० मुली, रात्री नऊला सगळ्या एकदम बसल्या तर एकीच्या वाट्याला जेमतेम एक एमबीपीएस, आणि एक फुल एचडी व्हिडिओ साधारण पाच खातो. म्हणजे पंधरा-वीस जणींनी सिरीज लावली की उरलेल्यांचं लॉगिनपण होत नाही. नळाला डायरेक्ट मोटर लावणाऱ्या घरामुळे शेजारच्यांना पाणी येत नाही, तसंच हे. पण म्हणून सगळं यूट्यूब बंद करणं हा आळस झाला, कारण एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे, लेक्चर तिथेच आहेत, अर्ध्या प्राध्यापकांचे पण तिथेच. प्रत्येकीला ठराविक स्पीड बांधून देणं हे त्याच फायरवॉलमध्ये होतं, त्याने कोणीच कोणाचं खाऊ शकत नाही आणि काही बंदही करावं लागत नाही. ते करा म्हणून मागायचं. तोपर्यंत एनपीटीईएलच्या स्वतःच्या साइटवरून व्हिडिओ डाउनलोड होतात, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा लायब्ररीत बसून आठवड्याचे उतरवून घे. टेलिग्रामवर जे नोट्सचे ग्रुप आहेत त्यासाठी फोनचा डेटा पुरतो, त्यावर भांडण करू नको, तो मुद्दा सोडून दे.

आणि आता अकरा वाजताचं. इथे मला खरंच राग आलाय.

मालक एक, लाइन बहुतेक एक, फायरवॉलपण एकच असेल, आणि मुलांना एक वाजेपर्यंत, मुलींना अकरापर्यंत. याला बँडविड्थचं कारण नाही देता येत, उलट अकरानंतर तर लाइन मोकळी असते. सुरक्षेचंपण नाही, मुलगी खोलीत, दार लावलेलं, गेटला कुलूप, ती कोड लिहितेय, यात कोणाला काय धोका? फायरवॉलमध्ये ते एक वेळापत्रक असतं, अकराच्या जागी एक टाकायला पाच मिनिटं लागत नाहीत. इंजिनिअरिंगच्या मुलीला सबमिशनच्या आठवड्यात अकराला नेट बंद म्हणजे तिच्या वर्गातल्या मुलांना तिच्यापेक्षा रोज दोन तास जास्त मिळतायत, तेवढीच फी भरून. हे सहन करू नकोस असं मी म्हणेन, फक्त गुपचूप वाट काढून नाही. तू व्हीपीएन टाकलंस तरी अकराला नेटच बंद होतं, मग व्हीपीएनचा उपयोग तरी काय! आणि समजा ऑफिसच्या लॉगिनने तुझं एकटीचं चालू झालं, तर बाकीच्या ८९ जणी तशाच.

केरळचं एक प्रकरण तुला माहीत असावं. कोझिकोडजवळ चेलन्नूरच्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलवर संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करायचे असा नियम होता. फहीमा शिरीन नावाची बीए करणारी मुलगी, तिने नाही म्हटलं, तिला हॉस्टेलमधून काढलं, ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, घटनेच्या कलम २१ मध्ये बसणारा, आणि तिला परत हॉस्टेलवर घ्यायला लावलं. आता हे नीट समजून घे, तो निकाल फोन काढून घेण्यावर होता, फुकट वायफाय द्याच असं त्यात म्हटलेलं नाही, आणि केरळ हायकोर्टाचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नसतो, शिवाय तुझं हॉस्टेल प्रायव्हेट आहे. त्यामुळे रेक्टर मॅडमसमोर कोर्टाची भाषा करू नको, माणसं लगेच ताठर होतात. पण तुमचं मागणं हट्टाचं नाही, असं एका न्यायाधीशांनीही मानलंय, एवढं मनात असलं तरी बोलताना आवाज कापत नाही.

अर्ज लिही, मराठीत, एक पानाचा, आणि एकटीच्या नावाने नाही. दहा-बारा दिवस रोज रात्री नऊला आणि साडेदहाला स्पीड टेस्ट करून वहीत लिहून ठेवा, दोन-तीन जणींनी वेगवेगळ्या मजल्यावरून, म्हणजे "स्लो आहे, स्लो आहे" असं नुसतं रडगाणं होणार नाही. अर्जात तीनच गोष्टी माग, मुलांच्या हॉस्टेलएवढीच वेळ, यूट्यूब बंद करण्याऐवजी प्रत्येकीला स्पीडची मर्यादा, आणि परीक्षा-सबमिशनच्या काळात पूर्ण रात्र चालू. फीच्या पावतीवर वायफायचे पैसे वेगळे दाखवले असतील तर तिची झेरॉक्स जोड. दोन प्रती कर, एकीवर तारीख टाकून पोच घे, पोच घ्यायला लाजू नको. आणि आधी नेटवर्कवाल्या दादांशी बोलून घे, होतं का, किती वेळ लागतो, कारण मॅडम पहिलं त्यांनाच विचारणार आणि तिथे "नाही होत" असं उत्तर गेलं की अर्ज तिथेच संपला.

आणि बाबा. हा नियम कुठून आला असेल माहितीये का, बहुतेक पालकांच्याच फोनवरून. पालक मीटिंगला दोन-चार जण म्हणतात की मुली रात्रभर मोबाइलवर असतात, लक्ष ठेवा, आणि मुलांच्या पालकांपैकी कोणी असं म्हणत नाही. मग मालकाला सोपं जातं, तो म्हणतो पालकांचीच मागणी आहे. म्हणून तुझ्या अर्जावर मुलींच्या शंभर सह्यांपेक्षा दहा पालकांच्या सह्या जास्त जड पडतील. बाबांना वायफायवर बोलू नकोस, प्रोजेक्ट दाखव. या शनिवारी घरी गेलीस तर लॅपटॉप उघडून दाखव की हे मी बनवलंय, हे असं चालतं, हे चढवायला नेट लागतं आणि मुलांना दोन तास जास्त मिळतं. कांद्याच्या भावासाठी रात्री फोन बघत बसणाऱ्या माणसाला, वेळेवर नेट नसलं की काय नुकसान होतं ते वेगळं समजवावं लागत नाही. नाही पटलं तर आईला घेऊन परत बोल. पहिल्या वेळी नाही म्हणतील कदाचित.

राहिलं पुढच्या आठवड्याचं सबमिशन, ते काही अर्जाची वाट बघणार नाही. तुझा स्वतःचा सिम, स्वतःचा डेटा, हा रस्ता पूर्ण तुझा आहे, तिथे फॉर्म नाही, रेक्टर नाही. कोड म्हणजे नुसता मजकूर, पुश करायला एमबीसुद्धा लागत नाही बहुतेक वेळा. डेटा खातात ती पॅकेजं आणि लायब्ररी, ती सगळी दिवसा कॉलेजमध्ये बसून इन्स्टॉल करून घे, डॉक्युमेंटेशन ऑफलाइन उतरवून ठेव. हॉटस्पॉट लावलास की विंडोजमध्ये त्या नेटवर्कला मीटर्ड कर, नाहीतर अपडेट सुरू होऊन दिवसाचा दीड-दोन जीबी अर्ध्या तासात जाईल. खोलीत रेंज नसेल तर खिडकीत फोन ठेव आणि लॅपटॉप आत, हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर २.४ वर कर, स्पीड कमी पडेल पण भिंतीतून येईल. रविवारी शहरात यायचं तर कॉलेज रोड, गंगापूर रोडला स्पर्धा परीक्षावाल्यांच्या भरपूर अभ्यासिका आहेत, वायफायवाल्यापण, काही ठिकाणी एका दिवसाचे पैसे घेऊन बसू देतात, दोघी-तिघी मिळून सिटीलिंकच्या बसने या आणि उजेडात परत जा. गाइड सरांनाही आजच सांगून ठेव की हॉस्टेलवर अकराला नेट जातं, लॅब संध्याकाळी तासभर जास्त उघडी मिळेल का. सबमिशनच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पुश झालेलं पाहिजे, आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवर.

अर्जाचा कच्चा मजकूर लिहिलास की पाठव, मी वाचून देईन.